पोहरा

दमयंती मढवी फोन काउंटरवर ठेवते,
त्याआधी पदराने पुसते, ताट पुसावं तसा.
ओरखडा नाही. बॅटरी टिकते.
डब्यांच्या पिशवीत मऊ फडक्यात राहिलेला.
"पैसे यायचे बंद झाले," म्हणते,
"बँकेचा पोऱ्या बोलला, फोन जुना झाला.
तूच बघ. कुठं जुना हाय?"

मी बघतो. सेटिंग. खाली. अजून खाली.
एक गोल फिरतो, फिरतो,
मग हिरवी बरोबरची खूण:
तुमचा फोन अद्ययावत आहे.
त्याखाली, मुंगीच्या अक्षरात, सुरक्षेची तारीख.
दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट.

घणसोली गावठाणात, चार बाय सहाच्या गाळ्यात,
हे मला रोज समजवावं लागतं
आणि रोज कुठेतरी चुकतं.
काकू, मूळ वस्तू केव्हाच तयार झाली.
बनवणाऱ्यांनी ती कंपनीच्या हातात दिली.
कंपनी तिच्यावर आपलं कातडं चढवते,
आपले रंग, आपलं हवामान, एक जादा कॅलेंडर,
तू कधी उघडला नाहीस तो खेळ, जो काढता येत नाही,
आणि कुलूप उघडायच्या आधी रोज एक जाहिरात.
नव्या अंगावर ते सगळं पुन्हा बेतायला शिंपी लागतात.
शिंपी सगळे यंदाच्या फोनवर बसवलेत.
आडात आहे गं. पोहऱ्यात येत नाही.

"म्हंजे आमचे घरासारखाच," ती म्हणते.
मला आधी कळत नाही.
मग तिचा हात खिडकीबाहेर जातो,
वरच्या मजल्याकडे, गरजेपोटी बांधलेल्या.
गावावर सेक्टर चढला, सेक्टरवर नंबर,
नंबरावर निळी पाटी.
मजला कायम होणार, हे दर निवडणुकीला ठरतं.
कुणीतरी वरूनच देतं म्हणे,
मधे कुठंतरी फाइल कपडे घालत बसते.

मी फोन ठेवून घेतला.
आधी फोटो उतरवले: नातीचं बारसं,
गौरीचं जेवण, सिलिंडरच्या पावत्या.
मग तीन रात्री त्याचं कुलूप खोलत बसलो
आणि कातडं सोललं.
आत घातली ती उघडी, साधी प्रणाली,
कुठल्याशा देशातल्या कुण्या विद्यार्थ्याने
नेमक्या याच मॉडेलसाठी, फुकट, झोप मोडून बनवलेली.
पाहुणे गेल्यावर घर दिसतं तसा पडदा दिसला.
तारीख या महिन्याची.
मला वाटलं, जिंकलो.

बँकेचं ॲप उघडलं. एकच ओळ:
या उपकरणावर विश्वास ठेवता येत नाही.

कातडं होतं तेव्हा जुना.
काढलं तर चोर.

महापेच्या काचेच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर,
तिचे एकोणीस डबे जातात.
त्यातला एक ओजस करंदीकरचा,
बुधवारी आणि शुक्रवारी सुके बोंबील.
तो फोनच्याच कंपनीत आहे हे तिला ठाऊक होतं,
म्हणून तिने सरळ विचारलं.
तो डब्याकडे बघत म्हणाला,
"मावशी, ते काम माझ्याकडे नाही.
मी चिन्हांचे कोपरे गोल करतो.
हा सगळा महिना तेच चाललंय."

आता ती रोख घेते.
नोटा झाकणाखाली येतात, मसाल्याच्या वासाच्या,
आणि हिशेब नातीच्या जुन्या वहीत, मागून पुढे.
फोन मात्र दर महिन्याला पाच-सहा तारखेला
आपोआप नवा होतो.
ती येते, पदराने पुसून समोर धरते,
"तारीख वाच." मी वाचतो.
अख्ख्या गावठाणात इतका ताजा फोन कुणाचा नाही.
पैसे तेवढे घेत नाही.

आणि त्या शुक्रवारी म्हणे
ओजसच्या डब्यातली तांदळाची भाकरी
एका बाजूने कोपरा निघालेली गेली.
मुद्दाम नाय केली, ती म्हणते.
हात घाईत होता.